मूत्राशय, प्रोस्टेट, किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांचं मूत्राशय काढलं तेव्हा मुंबईत परळला हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर उभा राहून मी ज्याला त्याला प्रश्न विचारत होतो. आता लोक मला विचारतात. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं पेशंटच्या उशाशी बसलेला माणूस आहे. कुठली गोळी चालू ठेवायची, कुठली बंद करायची, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे मूत्राशयाला पिशवी म्हणतात, गर्भाशयालाही पिशवी आणि पोटावर लावतात तीही पिशवीच. "पिशवी काढली" म्हणणाऱ्या एका काकूंचं नेमकं काय काढलं हे कळायला मला दहा मिनिटं लागली होती. म्हणून इथे आतल्या अवयवाला मूत्राशय आणि बाहेर लावतात तिला बॅग म्हटलंय.

१. लघवीतून एकदाच रक्त गेलं. दुखलं नाही, आपोआप थांबलं. तरी दाखवायचं का?

हो, याच आठवड्यात. न दुखता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात नेहमीचं पहिलं लक्षण आहे. ते थांबतं, म्हणूनच घात होतो. "उष्णता झाली असेल" म्हणत माणूस सब्जा आणि धण्याचं पाणी पीत बसतो आणि चार महिने निघून जातात. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या ठिकाणी युरॉलॉजीची, म्हणजे लघवीच्या आजारांची, ओपीडी आहे. बिडी-सिगारेट ओढणारा असेल तर अजिबात थांबू नका. धूर जातो फुप्फुसात, पण त्यातली विषं रक्तातून गाळली जाऊन लघवीत उतरतात आणि तासन् तास मूत्राशयात साठून राहतात. ओढणाऱ्याला हा कॅन्सर होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण तिप्पट असतो.

२. मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली. आता महिन्याभरात परत दुर्बीण घालायची म्हणतात. पहिल्यांदा नीट काढली नव्हती का?

तसं नाही. गाठ वरवरची आहे की मूत्राशयाच्या स्नायूत शिरलीय, यावर पुढची सगळी दिशा ठरते. गाठ जोमाने वाढणारी असेल, किंवा बायोप्सीच्या तुकड्यात स्नायूच आलेला नसेल, तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडतात. रिपोर्ट हातात आला की "तुकड्यात स्नायू आलाय का?" एवढं विचारा.

वरवरच्या पण जोरकस गाठीला पुढे बीसीजी देतात. हो, आपल्या दंडावर जिचा वण आहे तीच, क्षयाची लस. आठवड्यातून एकदा, अशी सहा वेळा मूत्राशयात सोडतात. दोन तास लघवी रोखायची आणि नंतर बसून करायची. सहा तासांपर्यंतच्या लघवीनंतर संडासात ब्लीचिंग टाकून मग पाणी सोडायचं, कारण हे जिवंत जंतू असतात. सामायिक संडास असलेल्या घरच्यांना मी सांगतो, निदान पहिली लघवी हॉस्पिटलमध्येच उरकून निघा.

३. बाबांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. न सांगता ऑपरेशन होईल का?

हा फोन बहुतेक मुलाचा असतो आणि आवाज दबका असतो, कारण बाबा शेजारच्या खोलीत असतात. आम्हीही हेच केलं होतं. "पिशवीला सूज आहे, साफ करायची" असं सांगून वडिलांना नेलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर पोटावर पेनने खूण करायला आली तेव्हा ते म्हणाले, "ही खूण कसली?" त्या खोलीत आम्ही चौघे होतो. एकानेही तोंड उघडलं नाही.

संमतीच्या कागदावर सही पेशंटची लागते. शिवाय मूत्राशय काढल्यावर माणसाला रोज स्वतःच्या पोटावर बॅग लावायची असते. ज्याला काहीच सांगितलं नाही तो शुद्धीवर येऊन ती बघतो तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि मग तो शिकायलाच तयार होत नाही. वडील तीन आठवडे पोटाकडे बघत नव्हते. बॅग मी बदलायचो, ते भिंतीकडे तोंड करायचे. आकडे, टक्के सांगू नका हवं तर. पण काय काढणार आणि लघवी पुढे कुठून होणार, एवढं डॉक्टरांकडून त्यांच्या समोर बोलून घ्या. म्हातारी माणसं आपल्याला वाटतात त्याहून घट्ट असतात.

४. ऑपरेशनची तारीख एक महिना पुढची आहे. तोवर नुसतं बसून राहायचं?

हा महिना हातचा घालवू नका. सर्जनचा हात तुमच्या ताब्यात नाही, हे दिवस आहेत.

तंबाखू आज बंद. बिडी, सिगारेट, गुटखा, मशेरी, सगळंच. निदान चार आठवडे मिळाले तर छाती सुधारते आणि जखम भरायला मदत होते. रोज चाला, बोलताना थोडा दम लागेल इतपत. मैदान नसेल तर चाळीची गॅलरी आहे, जिना आहे. तीन बॉलचं फुंकणीसारखं यंत्र मिळतं, त्यातून श्वास आत ओढायचा असतो. ते आधीच आणून सवय करा, भुलीतून उठल्यावर शिकणं अवघड जातं. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर इलाज आत्ताच सुरू व्हायला हवा. शुगर आटोक्यात आणा.

आणि खाणं. पेशंटला पेज आणि वरणाचं पाणी देऊन देऊन घरचेच त्याला वाळवतात. अंडी, मासे, पनीर, उसळी, दाणे, जे पचेल ते घाला. एकादशी आणि श्रावणी सोमवार या महिन्यात देवाकडे उधार ठेवा.

मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेल्या कॅन्सरला आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम बऱ्याचदा असतो. तो वेळकाढूपणा नसतो, त्याने पुढचं आयुष्य वाढतं हे सिद्ध झालंय.

५. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, शुगरची आहे, शिवाय एक काढाही आहे. काय बंद करायचं?

स्वतःहून काहीच नाही. हृदयात स्टेंट असलेल्याने क्लोपिडोग्रेल मनाने बंद केली तर स्टेंट बुजू शकतो. न सांगता चालू ठेवली तर टेबलावर रक्तस्राव. हृदयाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांचं एकमत होऊ द्या. शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, ते विचारून घ्या. काढे, भस्मं, "साइड इफेक्ट नसलेल्या" पुड्या यांची नावं लाजून लपवू नका. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ओता.

६. रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको, हे खरं का?

जुना नियम आहे. आता बहुतेकांना जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध म्हणजे पाणी नव्हे, दुधाचा चहाही नव्हे. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी आतड्याच्या ऑपरेशनांत उपाशी ठेवणं, जुलाब, नळ्या, अंथरुणाला खिळवणं या एकेका रिवाजाचा फेरविचार मांडला. त्यातून लवकर बरं होण्याची जी पद्धत तयार झाली, तिच्या मूत्राशय काढण्याच्या ऑपरेशनासाठीच्या सूचना २०१३ मध्ये आल्या. आधी पोट जुलाबाने धुऊन काढायची सक्तीही त्यात गेली.

तरी वॉर्डात "बारानंतर काही नाही" ऐकू येतं, कारण लिस्ट कधी पुढे-मागे होईल याचा नेम नसतो. भूलतज्ज्ञाला विचारा, "पेशंट कितवा आहे आणि पाणी कुठपर्यंत देऊ?" पोट सावकाश रिकामं होणाऱ्या जुन्या मधुमेहींना वेगळा नियम लागू शकतो.

७. उघडं ऑपरेशन, दुर्बीण की रोबोट? रोबोटला जास्त पैसे मागतायत.

रोबोट स्वतः कापत नाही, सर्जनच कन्सोलवर बसून हात चालवतो. रक्त कमी जातं, छेद लहान असतात, हे खरं. मूत्राशयाच्या बाबतीत ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत पहिल्या ९० दिवसांपैकी हॉस्पिटलबाहेर गेलेले दिवस रोबोटवाल्यांचे ८२ आणि उघड्या ऑपरेशनवाल्यांचे ८० होते. दोन दिवसांचा फरक. प्रोस्टेटच्या २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा दोन्हींकडे जवळपास सारखाच होता. माझं मत विचाराल तर घर गहाण टाकून रोबोट करू नका. "तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?" हा प्रश्न मशीनच्या नावापेक्षा कामाचा आहे. विचारायला संकोच वाटतो, पण चांगले सर्जन त्याने रागावत नाहीत.

८. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतात. हा छळ कशाला?

पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. शिवाय छातीत कफ साठतो आणि आतडी झोपून राहतात. राउंडला येणारा प्रत्येक डॉक्टर "गॅस सुटला का?" विचारतो, त्याचं हसू येतं पहिल्यांदा. चौथ्या दिवशी तोच प्रश्न घरचे देवाला विचारत असतात. मूत्राशयाच्या ऑपरेशनात लघवीला नवी वाट करायला आतड्याचा तुकडा घेतलेला असतो, त्यामुळे पोट फुगणं, उलट्या हा सगळ्यात नेहमीचा अडथळा. च्युइंगगम चघळायला देतात ते याचसाठी, चघळलं की आतड्यांना वाटतं जेवण आलं.

गुठळी होऊ नये म्हणून पोटावरची बारीक इंजेक्शनं मोठ्या ऑपरेशननंतर चार आठवड्यांपर्यंत चालतात, म्हणजे घरी आल्यावरही. घरातल्या एकाने सिस्टरकडून शिकून घ्यावं.

९. पोटावर बॅग बरी की आत नवं मूत्राशय?

बॅगेसाठी लहान आतड्याचा १५-२० सेंटिमीटर तुकडा घेऊन त्याचं तोंड पोटावर आणतात, तो स्टोमा. नव्या मूत्राशयासाठी अर्ध्या मीटरहून जास्त आतडं शिवून गोळा करतात आणि ते मूळ मार्गाला जोडतात. बाहेर काही दिसत नाही, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं.

पण त्याला लघवीची जाणीव नसते. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही गजर लावून, पोट दाबून रिकामं करावं लागतं. झोपेत गळतं. काहींना स्वतः नळी घालावी लागते. शरीरात आम्ल वाढतं म्हणून सोड्याच्या गोळ्या लागू शकतात, आणि बी-१२ आयुष्यभर तपासत राहायचं. किडन्या चांगल्या हव्यात, लघवीच्या मार्गात कॅन्सर नको, हात स्थिर हवेत. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला बॅग पुष्कळदा सुखाची जाते. हे ऐकायला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. कुठलाही पर्याय निवडला तरी पहिल्या ९० दिवसांत निम्म्याहून जास्त पेशंटना लहानमोठी काही ना काही तक्रार होते, त्याची मनाची तयारी ठेवा.

१०. स्टोमाची जागा कोण ठरवतं? बॅग किती दिवसांनी बदलायची?

जागा ऑपरेशनआधी ठरते, आणि त्या वेळी पेशंटने रोजचे कपडे घालून असावं. वडिलांना सिस्टरने उभं केलं, वाकवलं, मग खाटेवर मांडी घालून बसवलं. मांडी घातल्याबरोबर पोटाची घडी पहिल्या खुणेवरच आली. ती खूण पुसून तिने दोन बोटं वर नवी केली आणि लेंग्याची नाडी कुठे येते तेही बघितलं. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी. ही दहा मिनिटं वाचवली तर पुढे वर्षानुवर्षं गळती. कोणी खूण केली नसेल तर मागून घ्या.

बॅग तीन ते पाच दिवसांनी, सकाळी चहाच्या आधी बदला, तेव्हा लघवी कमी येते. बॅगेच्या, कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. स्टोमा पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आकसतो, म्हणून माप परत परत घ्या. तिसरा भाग ते अर्धी भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने सुटते. रात्री मोठी बॅग जोडा. लघवीत पांढरे शेंबडासारखे धागे दिसतात ते आतड्याचे, घाबरू नका. स्टोमा लाल आणि ओला असतो. काळा-जांभळा पडला तर मात्र प्रश्न १७. मे महिन्याच्या घामात चकती लवकर सुटते, म्हणून तेल किंवा क्रीम त्या कातडीला लावूच नका. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही बॅगवाल्या माणसांची जुनी संस्था आहे, तिथे स्वतः बॅग लावणारा माणूस तुमच्याशी बोलतो. त्याला तोड नाही.

११. बॅग लावून लोकलने जाता येईल का?

येईल. निघताना बॅग रिकामी करा आणि एक कापून ठेवलेली चकती, बॅग, ओला रुमाल असा संच सोबत ठेवा. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचे कागद जवळ असू द्या. ऑस्टॉमीच्या रुग्णांना मासिक पासात सवलत आहे आणि उपचारासाठीच्या लांबच्या प्रवासात कॅन्सर पेशंटला रेल्वेची वेगळी सवलत मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये तपासणीची तारीख असेल तर भरतीची वेळ बघून निघा. हिंदमाताला पाणी तुंबलं की परळ गाठणं धडधाकट माणसालाही जमत नाही.

१२. भात, दही, आंबट खाल्लं की टाके पिकतात ना?

नाही. टाके जंतूंनी पिकतात. शुगर, तंबाखू आणि कुपोषण त्यांना हात देतात. दहीभात तर पहिल्या दिवसांत पोटाला सोसतो. डॉक्टरांनी जेवण सुरू केलं की बांगडा, बोंबीलसुद्धा चालतात, फक्त तिखट-तळलेलं जपून आणि थोडं थोडं. जखमेवर हळद दाबू नका.

१३. प्रोस्टेट काढल्यावर लघवी टपकत राहते. नेहमीच अशी राहणार?

बहुतेकांची नाही. लघवीची नळी साधारण एक-दोन आठवडे असते. ती काढली की धार लागल्यासारखी गळती होते आणि माणूस खचतो. बहुतेकांचा ताबा काही महिन्यांत येतो, काहींना वर्ष लागतं. लघवी अर्ध्यात रोखताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचा व्यायाम ऑपरेशनआधीच शिका. नळी आत असताना मात्र करू नका. पॅड वापरायला लाजू नका, आणि गळते म्हणून पाणी तोडू नका. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी सहा-आठ आठवड्यांनी करतात, तो जवळपास शून्य यायला हवा.

१४. नवरा-बायकोचे संबंध पूर्वीसारखे राहतील का?

हा प्रश्न नेहमी रात्री अकरानंतर आणि मेसेजवर येतो. नसा वाचवल्या असतील तरी ताठरता परतायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, काहींची परतत नाही. गोळ्या आहेत, पण हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट चालू असेल तर त्या जीवघेण्या ठरतात. दुकानातून परस्पर आणू नका. वीर्य बाहेर येणार नाही, सुखाची जाणीव राहते. मूत्राशय काढलेल्या बायकांच्या योनीचा भाग कधी आखूड होतो. त्यांना हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

वृषणाचा कॅन्सर बहुतेक तरुण मुलांना होतो आणि तो बहुतांशी पूर्ण बरा होतो. एक वृषण काढलं तरी मूल होऊ शकतं, पण केमोच्या आधी वीर्य जपून ठेवण्याबद्दल विचारा. नंतर वेळ गेलेली असते.

१५. एक किडनी काढली. आता डाळ बंद, पाणी भरपूर?

दुसरी चांगली असेल तर दोन्ही नाही. डाळ खा, तहानेप्रमाणे पाणी प्या, मीठ आवरा, बीपी आणि क्रिएटिनिन तपासत राहा. खरं पथ्य वेगळंच आहे, गुडघा दुखला की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. गाठ चार सेंटिमीटरच्या आत असेल तर शक्यतो फक्त गाठ काढून किडनी वाचवतात. अख्खी काढायला सांगितली असेल तर "अर्धी वाचेल का?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

१६. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. आणि पैशाचं काय?

जिना हळूहळू चढता येतो. अडचण संडासात उकिडवं बसण्याची असते. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. सहा-आठ आठवडे पाण्याची बादली, नातवंड, पीठाचा डबा काही उचलायचं नाही. नुसता गॅसच १४.२ किलो असतो, वर सिलिंडरचं लोखंड. गावाला नेण्याची घाई करू नका. ऑपरेशनात स्टोमात ठेवलेल्या बारीक नळ्या साधारण दोन आठवड्यांत निघतात, तोवर तरी हॉस्पिटलच्या जवळ राहा. बाहेरगावच्या लोकांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑपरेशनच्या आधी मंजुरी लागते, म्हणून दाखल व्हायच्या आधीच रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जा. मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या सामाजिक सेवा विभागात विचारा. बॅगांचा खर्च मात्र आयुष्यभराचा, तो हिशेबात धरायला लोक विसरतात.

१७. घरी आल्यावर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

हे झालं तर सकाळची वाट बघू नका : १००.४ च्या वर ताप किंवा हुडहुडी, बॅगेत दोन-तीन तास लघवीच न येणं, पोट फुगून उलट्या, एका पोटरीला सूज, एकाएकी दम लागणं, स्टोमा काळा पडणं, जखमेतून अचानक गुलाबी पाणी वाहणं. बीसीजी चालू असलेल्याला ताप टिकला तर डॉक्टरला "बीसीजी चालू आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

लघवी थोडी गुलाबी दिसणं आणि संध्याकाळी थकवा येणं चालतं.

१८. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरी नळी निसटली. गल्लीतले डॉक्टर परत घालून देतो म्हणतात.

घालू देऊ नका. आतली शिवण ओली असते, अंदाजाने घातलेली नळी ती फाडू शकते. ऑपरेशन केलेल्या टीमला फोन करा आणि तिथेच जा. नवं मूत्राशय बसवलेल्यांनाही हेच लागू.

१९. बॅगेतल्या लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू आले. अँटिबायोटिक सुरू करू का?

ताप नाही, कमरेत दुखत नाही, माणूस हिंडताफिरता आहे, तर बहुतेक वेळा नाही. आतड्याच्या तुकड्यातून येणाऱ्या लघवीत जंतू असतातच. शिवाय नमुना बॅगेतून घेतला असेल तर तो रिपोर्ट बॅगेचा झाला, तुमचा नाही. गरज असेल तेव्हा बॅग काढून, स्टोमा पुसून, बारीक नळीने ताजा नमुना घ्यायला सांगा. लॅबवाले कुरकुर करतात. वडिलांच्या वेळी मी शेवटी सिस्टरला फोन लावून स्पीकरवर ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी नळी शोधली.